बिअर गार्डनमधली नागअळी

कीटकशास्त्रात मास्टर्स करायला जर्मनीत आले तेव्हा डोक्यात फुलपाखरं होती. प्रबंधासाठी पदरात पडला जेमतेम पाच मिलिमीटरचा पतंग, कॅमेरारिया ओहरिडेला. १९८०च्या दशकात मॅसिडोनियातल्या ओहरिड सरोवराजवळ तो पहिल्यांदा लक्षात आला, म्हणून हे नाव. तिथून पसरत तो १९८९मध्ये ऑस्ट्रियात, २००२मध्ये लंडनला पोचला. हिरमुसून आईला फोन केला, तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्या लिंबावरची नागअळीच की!" खरंच, पान आतून पोखरणाऱ्या या दोन्ही अळ्या एकाच कुळातल्या. (टोमॅटोवरची नागअळी मात्र माशीची, तिचा इथे संबंध नाही.)

या पतंगाच्या अळीचं खाद्य म्हणजे हॉर्स-चेस्टनट या झाडाची पानं. बव्हेरियाच्या बिअर गार्डनमध्ये सावलीला हीच झाडं. वसंतात, झाडाला फुलोरा येतो त्या सुमारास, पतंग खोडावर जमतात. नारिंगी-तपकिरी पंख, त्यांवर काळ्या कडेचे पांढरे पट्टे. भिंगातून बघाल तर फुलपाखराचं दुःख विसराल. मादी पानाच्या वरच्या बाजूला सुटी सुटी अंडी घालते. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरते, आतला हिरवा गर खाते आणि तिथेच कोषात जाते. वर्षाला साधारण तीन पिढ्या, त्यामुळे ऑगस्टमध्येच झाड ऑक्टोबरसारखं तांबूस दिसतं. झाड सहसा मरत नाही, पण बिया लहान राहतात.

माझे पहिले दोन आठवडे वाया गेले. तपकिरी दिसेल तो डाग मी अळीचा म्हणून मोजत होते. त्यातले बरेच बुरशीचे निघाले. पान उजेडासमोर धरा. अळीचा डाग आरपार दिसतो, आत काळी विष्ठा असते, कधी अळी वळवळतानाही दिसते. बुरशीच्या डागाला बहुधा पिवळी किनार असते.

शेवटच्या पिढीचे कोष गळलेल्या पानांत हिवाळा काढतात. म्हणून पानं झाडून नष्ट करणं हाच इथला मुख्य उपाय, आणि म्हणूनच एका सोमवारी मी कोषांसाठी निवडलेल्या झाडांखालची पानं चकाचक झाडलेली सापडली. झाडणाऱ्या माणसाशी सप्टेंबरातच ओळख करून घ्या. गोळा केलेली पानं प्लास्टिकमध्ये भरू नका, बुरसतात. जाळीच्या पिशवीत भरून बाल्कनीत गारठ्यात ठेवा. खोलीच्या उबेत नको, कोषांना थंडी मिळणं गरजेचं असतं.

हिवाळ्यानंतर पिशवी आत आणली, पतंग बाहेर यायची वाट बघत पेटीत ठेवली आणि पहिल्यांदा बाहेर आल्या त्या मुंगीहून बारीक, नागअळीवरच वाढणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या. घाण समजून झटकू नका, अल्कोहोलच्या नळीत वेगळ्या ठेवा. माझ्या प्रबंधाचं अर्धं प्रकरण त्यांच्यावरच आहे.