सोळाच्या अलॉयवरून पंधराच्या रिमवर: टायरचा खर्च कमी करताना काय तपासायचं

16 इंची अलॉय (मिश्रधातूच्या) रिमचे चारही टायर एकदम गुळगुळीत झाले की दुकानातला भाव ऐकून छोट्या साइजचा विचार येतोच. तो विचार चुकीचा नाही. पण खरोखर पैसे वाचतात ते त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला कंपनीनेच छोटी साइज दिली असेल तर. नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

2022 नंतरची मारुती बलेनो घ्या. वरच्या व्हेरियंटला 195/55 आर16, खालच्यांना 185/65 आर15. पहिल्या टायरची रुंदी 195 मिमी, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या 55 टक्के, म्हणजे 107.25. वर-खाली मिळून 214.5, त्यात 16 इंची रिमचे 406.4 मिळवले की पूर्ण व्यास 620.9 मिमी. दुसऱ्याचे 240.5 अधिक 381, म्हणजे 621.5. फरक मिलिमीटरभरही नाही, त्यामुळे स्पीडोमीटर आणि एबीएसला (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) काही कळतही नाही.

घोटाळा होतो तो दुकानात. ‘185 संपलाय, 195/65 आर15 घ्या, तोही पंधराचाच’ असं सांगितलं जातं. त्याचा व्यास 634.5, म्हणजे दोन टक्के जास्त. 205/65 आर15 तर 647.5 मिमी, चार टक्क्यांच्या वर. काटा 100 दाखवत असेल तेव्हा आधीच्या मानाने गाडी 104 ने पळते. ओडोमीटर अंतर कमी मोजतो, म्हणून हिशेबात अ‍ॅव्हरेज पडलेलं दिसतं. घाटात पिकअप मंदावतो आणि भरल्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर चाकावरच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासतो. मूळ व्यासापासून तीन टक्क्यांपलीकडे कधीच जाऊ नका, आणि एकाच एक्सलवर (पुढच्या किंवा मागच्या जोडीत) दोन साइज तर मुळीच नकोत.

रिम त्याच मॉडेलची पोलादी घ्यावी. बलेनोचा पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीमध्ये) 4×100 आणि मधलं भोक 54.1 मिमी. हे आकडे जुळले तरी ऑफसेट (रिम गाडीला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती दूर, ते अंतर) वेगळा असला तर चाक आत-बाहेर सरकतं आणि बेअरिंगवर ताण येतो. जुनी रिम घेणार असाल तर पैसे देण्याआधी बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा. खड्ड्यात वाकलेली रिम तिथे लगेच डोलते. मग टायर न चढवता एक रिम पुढे लावून हाताने फिरवा. ब्रेकच्या कॅलिपरला लागली तर ती तुमच्या गाडीची नाही.

टायरवर साइजच्या पुढे छापलेला आकडा भार सांगतो: 85 म्हणजे एका टायरला 515 किलो, 87 म्हणजे 545, 88 म्हणजे 560. गाडीच्या मूळ टायरपेक्षा खालचा आकडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. वेगाचं अक्षरही खाली नको (टी 190, एच 210 किमी). टायर बनल्याच्या तारखेचे चार अंकही वाचा: 2325 म्हणजे 2025 चा 23 वा आठवडा. ‘खास ऑफर’मध्ये बऱ्याचदा जुना माल निघतो.

आता हिशेब. समजा टायरमागे 1,500 वाचले, चारांचे 6,000. त्यातून चार रिम, नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट वजा करा. पहिल्या सेटला हातात फारसं उरत नाही. फायदा दुसऱ्या सेटपासून, किंवा अलॉय चांगल्या भावात विकले तर. स्टेपनी आधीच पंधराची पोलादी असेल तर पाचही चाकं एकसारखी होतात, ही मोठी सोय.

बसवताना नटाचं तोंड रिमच्या खाचेशी जुळतंय का बघा, नट आमनेसामने क्रमाने आवळा आणि 50 ते 100 किमीनंतर पुन्हा तपासा. हवा दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पंधराच्या साइजसाठी लिहिली असेल तेवढी. सोळाचा आकडा वापरू नका. टायरच्या हवेचे सेन्सर चाकात असतील तर अलॉय विकण्याआधी ते काढून नव्या रिमवर बसवून घ्या.