वनस्पतीजन्य मांसाच्या कंपनीत पैसे घालण्याआधी

मी आधी कंपनीच्या मालाचं पाकीट आणते, मग शेअर बघते. परवा सोयाचा खिमा आणून कांदा-लसणाच्या वाटणात परतला. घरी सगळ्यांनी आवडीने खाल्ला, पण दुसरं पाकीट आणायचं कोणालाच सुचलं नाही. ग्राहक परत येतो का, हा प्रश्न ताळेबंदाच्याही आधीचा आहे.

मग बियाँड मीट या वनस्पतीजन्य मांस बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा प्रवास वाचा. मे 2019 मध्ये 25 डॉलरला आलेला शेअर पहिल्याच दिवशी 65.75 वर बंद झाला, जुलैत 230 पार गेला. ऑक्टोबर 2025 मध्ये तो एका डॉलरच्याही खाली गेला होता. विक्री घटत होती आणि 2021 मध्ये उभारलेलं 115 कोटी डॉलरचं परिवर्तनीय (म्हणजे शेअरमध्ये बदलता येणारं) कर्ज डोक्यावर होतं. त्याच्या बदल्यात कोट्यवधी नवे शेअर निघाले, जुन्या भागधारकांचा वाटा आटला.

म्हणून वार्षिक अहवालात ढोबळ नफा (विक्रीतून माल बनवण्याचा खर्च वजा करून उरतो तो), हातातली रोकड आणि कर्जाची मुदत आधी शोधा. रोकड किती तिमाही पुरेल, ते वहीत मांडा. हे गणित चुकवू नका.

याच धंद्यातली दुसरी अमेरिकन कंपनी इम्पॉसिबल फूड्स शेअर बाजारात नोंदलेली नाही. आयटीसी किंवा टाटा कन्झ्युमर घेतलात, तर त्यात हा धंदा चिमूटभरच. अशा शेअरमध्ये मी एकूण गुंतवणुकीच्या दोन टक्क्यांपुढे जात नाही; लेकीच्या शिक्षणाचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत.