जुना शंभरचा स्विच घेण्याआधी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे जुना १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट) नेटवर्क स्विच, म्हणजे कॉम्प्युटर, प्रिंटर केबलने एकमेकांना जोडणारा डबा, स्वस्तात दिसला, की हात लगेच खिशाकडे जातो. त्याआधी कागद घ्या आणि त्याला काय काय जोडणार ते लिहून काढा. प्रिंटर, हजेरीचं मशीन, बिलिंगचे दोन-तीन कॉम्प्युटर, चार-सहा कॅमेरे एवढंच असेल तर बिनधास्त घ्या. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ४ एमबीपीएस खातो. आठ लावले तरी ३२ होतात.

यादीत सर्व्हर किंवा बॅकअपची डिस्क आली की गणित फिरतं. शंभरच्या पोर्टमधून, म्हणजे केबल लावायच्या खाचेतून, सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी (मेगाबाइट; आठ बिटांचा एक बाइट) जातात, म्हणजे ५०० जीबीच्या बॅकअपला जवळपास बारा तास. गिगाबिटवर (१००० एमबीपीएस), डिस्क धड असेल तर, तेच काम दीड तासाच्या आत होतं. रात्री लावलेला बॅकअप सकाळी शटर उघडताना अजून चालूच असेल, तर तिथे पैसे वाचवू नका. इंटरनेटचा प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा असेल तरीही शंभरचा नको. महिन्याला भरलेले पैसे त्या पोर्टपाशीच अडतात.

मग भिंतीतली केबल बघा. हे बहुतेक जण विसरतात. शंभरला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एका शाळेत नवा गिगाबिट स्विच बसवूनही वेग शंभरच्या वर जाईना. शेवटी टॉर्च मारून कनेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकमधून पाहिलं, तर नारिंगी आणि हिरवी जोडी आत होती. निळी आणि तपकिरी क्रिम्प करतानाच, म्हणजे कनेक्टर दाबून बसवतानाच, कापून टाकलेली. तुमच्याकडे असंच असेल आणि केबल बदलायची नसेल, तर नव्या स्विचचा वेग मिळणारच नाही.

कॅमेऱ्यांसाठी पीओई स्विच (त्याच केबलमधून वीजही देणारा) घेताना पोर्ट मोजून थांबू नका, लेबलवरचे एकूण वॉट वाचा. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज ओढतो, आणि दिवसभर नीट चालणारा कॅमेरा अंधार पडताच बंद-चालू व्हायला लागतो. ऑफिसातून निघालेला मोठा २४ पोर्टचा स्विच घरी नेणार असाल तर वीजही मोजा: ४० वॉट, चोवीस तास, म्हणजे वर्षाला ३५० युनिट. वर पंख्याचा आवाज.

वायफाय राउटरच्या बाबतीत मात्र मी अजिबात सूट देत नाही. कंपनीने फर्मवेअरचे, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट देणं थांबवलं असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. घरातल्या प्रत्येक फोनची ये-जा त्यातूनच होते. फक्त डब्ल्यूईपी (वायफायची जुनी सुरक्षा पद्धत) चालणारा तर हातातही धरू नका. ते कुलूप केव्हाच फुटलेलं आहे.

दुकानात जाताना लॅपटॉप आणि चांगली केबल बरोबर न्या. एकेका पोर्टला लावा, दिवा लागतो का आणि लॅपटॉप किती वेग दाखवतो ते पाहा. केबल हलकेच हलवा, दिवा विझला तर तो पोर्ट गेलेला समजा. सेटिंग करता येणारा स्विच असेल तर समोरच रिसेट करून घ्या, नाहीतर जुन्या मालकाचा पासवर्ड शोधत बसाल. बिलावर सिरीयल नंबर आणि सात दिवसांत बदलून देण्याचं लिहून घ्या. घरी आणलात की पहिल्या रात्री सगळं जोडून ठेवा आणि सकाळी ॲडॅप्टरला हात लावा. कोमट असेल तर ठीक; चटका बसला तर त्याच दिवशी परत न्या.