गर्भपात आणि प्रजनन हक्कांवर नॉनफिक्शन कॉमिक्स करायचंय? पुण्यातून काम करतानाचा माझा अनुभव

हल्ली बऱ्याच मुली विचारतात, काही मुलंही विचारतात, की ड्रॉइंग बरं आहे आणि या विषयावर काहीतरी करायचंय, तर सुरुवात कुठून करू. मी दिवसा एका एजन्सीत डिझाइनचं काम करते आणि उरलेल्या वेळात हे, त्यामुळे जे कळलंय ते सांगते. ड्रॉइंगची काळजी शेवटी करा. काडीची माणसं काढूनही हे कॉमिक्स चालतं, पण कायद्याची एक ओळ चुकीची छापली तर ती वाचून एखादी मुलगी दवाखान्यात जाणंच टाळेल, आणि तिला तो वेळ परवडणारा नसतो.

म्हणून आधी 1971 चा एमटीपी कायदा (म्हणजे डॉक्टरी गर्भपाताचा कायदा) आणि त्याची 2021 ची दुरुस्ती वाचा, मूळ मजकूर वाचा, बातम्या नाही. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, 20 ते 24 मध्ये दोन डॉक्टरांचं आणि तेही ठरावीक परिस्थितीतल्या बायकांसाठी (बलात्कार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणात नवरा वारला किंवा घटस्फोट झाला, अपंगत्व असं), त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, ती फॉर्म सी वर घेतात. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही, तरी अनेक ठिकाणी मागतात, आणि हा एक मुद्दा जरी तुमच्या कॉमिक्समधून लोकांपर्यंत गेला तरी खूप झालं. लग्न न झालेल्या मुलींचं काय, हे तर पहिल्यांदा विचारलं जातं. 2021 च्या दुरुस्तीत गर्भनिरोधक फेल जाण्याच्या कारणात नवऱ्याच्या जागी जोडीदार आला आणि 29 सप्टेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टाने 20 ते 24 आठवड्यांच्या बाबतीतही अविवाहित बाईला वगळता येणार नाही असं सांगितलं.

पण एक गोष्ट लपवू नका प्लीज. आपल्याकडे बाईने मागितलं म्हणून गर्भपात असा सरळ हक्क नाहीये, शरीराला किंवा मनाला धोका, गर्भनिरोधक फेल जाणं अशा कारणांवर डॉक्टरने मत द्यायचं असतं, आणि त्या चौकटीबाहेरचा गर्भपात आजही फौजदारी गुन्हाच आहे, आधी आयपीसीत होता आता भारतीय न्याय संहितेत आहे. उत्साहात 'भारतात पूर्ण हक्क आहे' असं लिहिलेली पोस्टर्स मी पाहिलीत. मला ते पटत नाही, कारण ते वाचून दवाखान्यात गेलेल्या बाईला डॉक्टर कारणं विचारायला लागले की तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

सगळ्यात जास्त मेहनत लागते ती लिंगनिवडीच्या गोंधळावर. गर्भलिंग तपासणीविरोधात 1988 मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, मग 1994 मध्ये केंद्राचा आला, आणि प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमध्ये पाटी लागली. ते आवश्यकच होतं, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण त्या मोहिमेतल्या चित्रांत गर्भपात म्हणजे खून असंच सतत दिसत राहिलं आणि आता कॉलेजमधल्या मुलीसुद्धा बोलता बोलता 'पण ते तर बेकायदेशीर आहे ना' म्हणतात. हे उपदेशाने सुटत नाही, कॉमिक्सने बऱ्यापैकी सुटतं. एकच बाई, एकच खुर्ची, एकच डॉक्टर ठेवा. पहिल्या पॅनलमध्ये, म्हणजे चित्राच्या चौकटीत, सासू विचारते मुलगा की मुलगी, डॉक्टर पाटीकडे बोट दाखवते. दुसऱ्यात बाई एकटी आहे आणि सांगते की कॉपर-टी असूनही दिवस गेलेत, डॉक्टर फॉर्म काढते. दोन कायदे दोन पॅनल, खाली मोठी टीप देऊ नका.

दुसरी कॉमिक्ससाठीच बनल्यासारखी गोष्ट म्हणजे आठवडे मोजणं. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे नेहमी 28 दिवसांनी येणारी पाळी आठवडाभर चुकली की पाचवा आठवडा पूर्ण झालेला असतो, आणि गोळ्यांनी होणारा गर्भपात नियमांनुसार 9 आठवड्यांपर्यंतच. हे वाक्यात कितीही समजावा, डोक्यात शिरत नाही. कालनिर्णयचं पान काढा, पाळीच्या तारखेभोवती गोल करा, तिथून चौकटी रंगवत जा, बघणाऱ्याला लगेच कळतं. तिथेच पुढे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या दोन गोळ्या काय करतात ते दाखवा, पहिली गोळी प्रोजेस्टेरॉन अडवते, दुसरीने गर्भाशय आकुंचन पावतं. रक्तस्रावाची खूणही टाका, सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील तर लगेच डॉक्टर गाठायचा. हा भाग स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतल्याशिवाय छापू नका.

आता खऱ्या बायकांच्या गोष्टी. कायद्याने डॉक्टरला पेशंटची ओळख उघड करता येत नाही, केली तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, त्यामुळे ओळखीच्या डॉक्टरकडून केस मागू नका, बाईने स्वतःहून सांगितली तरच घ्या. नाव बदलणं पुरत नाही हे लक्षात ठेवा, चित्रात माणूस दाराच्या रंगावरून, साडी नेसण्यावरून, मंगळसूत्राच्या वाटीवरून, गाडीवरच्या स्टिकरवरून ओळखला जातो आणि आपल्याकडे येरवड्यातल्या एका गल्लीत सगळ्यांना सगळं माहीत असतं. मी बाह्य तपशील सगळे बदलते, पण घटनांचा क्रम, डॉक्टर काय बोलले आणि तिला काय वाटलं यात हात घालत नाही. आणि पूर्ण झाल्यावर तिला पानं दाखवते, नको म्हणाली तर नाही छापायचं, कितीही चांगली झाली असली तरी.

अंधाऱ्या कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घातलेली बाई काढायचा मोह होतो, टाळा. मला भेटलेल्या कितीतरी जणींना सुटल्यासारखं वाटलं होतं, काहींना वाईटही वाटलं, एकीला तर सगळ्यात जास्त आठवतं ते त्या दिवशी मैत्रिणीने आणलेली साबुदाण्याची खिचडी. हे सगळं काढा. तसंच आठ आठवड्यांच्या मजकुराशेजारी पूर्ण वाढलेलं बाळ काढू नका, नेटवर तीच चित्रं मिळतात.

सरावाला पुण्याचाच इतिहास घ्या, कोणाची गोपनीयता मोडत नाही. 1863 मध्ये फुल्यांनी इथेच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं, 1874 मध्ये तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, पुढे तो डॉक्टर झाला. गंज पेठेत फुलेवाड्यात जाऊन स्केच करा. अमेरिकेत 1973 मध्येच जॉइस फार्मर आणि लिन शेव्हली यांनी गर्भपातावर 'अबॉर्शन ईव्ह' नावाचं कॉमिक काढलं होतं, त्यामुळे कोणी 'कॉमिक्समध्ये असले विषय?' म्हणालं तर सांगायला बरं पडतं.

टेक्निकल फार काही नाही. मराठीत वेलांटी, मात्रा, उकार यांना वरखाली जागा लागते म्हणून संवादाचा बलून (बोलणं लिहायचा फुगा) इंग्रजीपेक्षा मोठा ठेवा, आधी अक्षरं लिहा मग बलून काढा. मुक्ता किंवा बालू फॉन्ट फुकट आहेत, फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर टेक्स्ट इंजिनचं सेटिंग बदला, आणि प्रेसला फाइल देताना अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे फॉन्टचं आकारांत रूपांतर करून, पीडीएफ द्या. पैसे सुरुवातीला मिळत नाहीत, नोकरी सोडू नका.

पहिलं काम मोठं पुस्तक नको. चार पॅनलचं भित्तिपत्रक करा, दोन ए-फोर कागद जोडून, काळ्या पेनाने, म्हणजे कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे प्रती निघतात. ते घेऊन एखाद्या आशाताईकडे जा, तिला समजावून सांगू नका, तिलाच विचारा यात काय घडतंय, आणि ती जिथे अडखळेल तो पॅनल पुन्हा काढा.