जुन्या लढाईचा तोफगोळा: ओळख, तपासणी आणि जतन

आपल्या विदर्भात जुने तोफगोळे जमिनीपेक्षा घरांत जास्त आहेत. वाड्याच्या दाराला अटकण म्हणून ठेवलेला, गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेला, नाहीतर मारुतीच्या पारावर शेंदूर लावून बसवलेला. संग्रह करायचा तर सुरुवात इथूनच करा. अडगावची लढाई 29 नोव्हेंबर 1803 ची, गाविलगड पडला 15 डिसेंबर 1803 ला, सीताबर्डीची लढाई 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला झाली आणि चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, किल्ला मे 1818 मध्ये गेला. या गावांच्या आसपासच्या जुन्या घरांत विचारपूस केली तर माल दिसतो.

गाविलगड आणि नरनाळा मात्र यादीतून काढून टाका. दोन्ही संरक्षित स्मारकं आहेत आणि मेळघाटच्या संरक्षित जंगलात येतात. तिथला दगडसुद्धा उचलायचा नाही, मेटल डिटेक्टर घेऊन जाणं तर दूरच.

नांगरताना वावरात नवा गोळा निघाला तर त्याला हात लावू नका. ट्रॅक्टर बंद करा, चार पावलांवर काठी रोवून त्यावर फडकं बांधा, दुरून फोटो घ्या आणि पोलीस पाटलांना सांगा किंवा 112 ला फोन करा. वस्तू लांबट असेल, तिच्यावर तांब्याचा पट्टा, आटे किंवा पंख असतील, तर ती जुन्या लढाईची नाही, आधुनिक दारूगोळा आहे. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ निकामी दारूगोळा नष्ट करताना नोव्हेंबर 2018 मध्ये झालेल्या स्फोटात सहा माणसं गेली. अशी वस्तू भंगारात, फुकट किंवा भेट म्हणूनही घेऊ नका.

आता घरात वर्षानुवर्षं पडलेल्या गोल गोळ्याकडे वळू. त्या काळी दोन प्रकार चालत: भरीव गोळा आणि दारू भरलेला पोकळ, म्हणजे कुलपी गोळा. भरीव गोळा निव्वळ लोखंड असतो, तो जमवता येतो. कुलपी गोळ्याची दारू दोनशे वर्षांनीही जिवंत असू शकते, कारण बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कवच शाबूत असेल तर आत ओल पोचतेच असं नाही, आणि भिजलेली दारू वाळली की पुन्हा पेटू शकते. 2008 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एक जाणता संग्राहक यादवी युद्धाचा गोळा साफ करताना स्फोटात गेला. म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत ड्रिल नाही, ग्राइंडर नाही, वेल्डिंग नाही, चुलीवर तापवणं नाही.

आधी डोळ्यांनी बघा. कुलपी गोळ्याला बत्तीचं, म्हणजे दारू पेटवणाऱ्या वातीचं, भोक असतं, बोटाएवढं रुंद. ते गंजाने किंवा मातीने बुजून नुसता गोल डाग दिसतो, कधी सडक्या लाकडाची खुंटी दिसते. भोक सापडलं तर तपासणी तिथेच थांबली. गोळा हलवायचा नाही, वर सांगितल्याप्रमाणे कळवायचं. ओतकामाची शिवण आणि जिथून रस ओतला तिथली चपटी खूण ही भोकासारखी वाटू शकते. शंका असली तर भोकच समजा.

भोक नसेल तर मोजमाप. शिंप्याच्या टेपने तीन दिशांनी घेर घ्या, सरासरीला 3.14 ने भागा, व्यास निघेल. सेंटीमीटरमधला व्यास × व्यास × व्यास करा आणि त्याला 3.77 ने गुणा: भरीव बीडाच्या गोळ्याचं वजन ग्रॅममध्ये मिळतं. घेर 28.3 सेंमी असेल तर व्यास 9, आणि वजन साधारण 2.75 किलो. हा सहा पौंडी. व्यास 11.2 सेंमी आणि वजन सव्वापाच-साडेपाच किलो म्हणजे बारा पौंडी. काटा गोळ्याजवळ आणा. संशयाचा गोळा किराणा दुकानात नेऊ नका.

प्रत्यक्ष वजन हिशेबापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी भरलं तर गोळा पोकळ धरा. 14 सेंमी व्यासाचा भरीव गोळा 10.3 किलोचा असायला हवा. तो 7 किलो भरला तर आत पोकळी आहे. घेरात 3 मिमी चूक झाली तरी सहा पौंडीच्या वजनात सुमारे 3 टक्के फरक पडतो, आणि फुगलेल्या गंजामुळे व्यास खोटा वाढतो. तरीही हलका गोळा हलकाच समजायचा, गंजाची सबब पुढे करायची नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: शिशाच्या गोळ्या भरलेला श्रापनेल गोळा भरीवाइतकाच जड असतो. 1817-18 च्या ठिकाणी तो निघू शकतो. म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नका, भोकाची तपासणी आधी.

खोटे गोळेही खूप फिरतात. चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांच्या चक्कीतले पोलादी गोळे भंगारात येतात: व्यास नेमका 80 किंवा 90 मिमी, पृष्ठभाग घासून चकचकीत, कुठे चपटा. जुन्या ओतीव गोळ्याचा घेर तिन्ही दिशांनी थोडा थोडा वेगळा येतो. 7.26 किलो भरला तर तो मैदानावरचा गोळाफेकीचा गोळा असण्याचीच शक्यता जास्त.

खात्री झालेला गोळा जतन करताना आधी त्याची तब्येत बघा. कोरडा, घट्ट काळपट-तांबूस गंज असेल तर नायलॉनच्या ब्रशने माती काढून मेण लावलं की झालं. पण पावसाळ्यात अंगावर नारिंगी थेंब येत असतील किंवा पापुद्रे सुटत असतील तर आत क्षार आहेत. झाकणाच्या प्लास्टिक बादलीत डिस्टिल्ड पाणी घ्या, लिटरला 50 ग्रॅम धुण्याचा सोडा टाका, गोळा पूर्ण बुडवा. पाणी दर पंधरा दिवसांनी बदला आणि चार महिने तरी धीर धरा. घाईने बाहेर काढून वाळवलेला गोळा पुढच्या पावसाळ्यात तडकतो. मग स्वच्छ पाण्यात भिजवून सोडा घालवा, हवेशीर जागी वाळवा आणि 100 मिलीला 5 ग्रॅम टॅनिक अ‍ॅसिडचे तीन हात द्या, एक दिवस मध्ये सोडून. रंग निळसर काळा होतो. शेवटी पॅराफिन मेण: मेण गरम पाण्यात ठेवून पातळ करा, गोळा तापवू नका. खोबरेल किंवा जळकं इंजिन ऑइल लावू नका, धूळ चिकटते आणि खाली ओल राहते. बोटाला पेन्सिलीसारखा काळा रंग लागत असेल तर लोखंड निघून नुसता ग्राफाइट उरला आहे, तिथे ब्रश मारलात तर पृष्ठभागच जाईल. पारावरचा शेंदूर लावलेला गोळा मात्र आहे तिथेच राहू द्या. गावाच्या परवानगीने फोटो घ्या.

कागदपत्रांत हयगय नको. जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडल्यास 1878 च्या गुप्तनिधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांपेक्षा जुनी पुरातन वस्तू विकण्याच्या धंद्याला 1972 च्या कायद्याने परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशात पाठवता येत नाही.

प्रत्येक गोळ्याला कापडी पट्टी बांधून क्रमांक द्या. वहीत घेर, वजन, कोणत्या गावच्या कोणत्या घरातून आला, आणि घरच्या जुन्या माणसाने तो कुठल्या वावरातून आल्याचं सांगितलं ते लिहा, गट क्रमांकासह. गाव न लिहिलेला गोळा लढाईबद्दल काहीही सांगत नाही. वहीची एक प्रत नागपूरच्या अजब बंगल्याला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाला, द्या.