डार्क टुरिझम देशपातळीवर उभं करायचंय? मग आधी हे बघा

डार्क टुरिझम म्हणजे भुताखेतांच्या टूर, हे आधी डोक्यातून काढा. जिथे माणसं मारली गेली, छळली गेली, तिथे लोक समजून घ्यायला जातात तो हा प्रवास. १९९६ मध्ये लेनन आणि फोली या अभ्यासकांनी त्याला हे नाव दिलं. आणि लोक खरंच जातात हो, पोलंडमधल्या ऑशविट्झला, म्हणजे नाझींच्या मृत्युछावणीच्या जागी आता असलेल्या म्युझियमला, एकट्या २०१९ मध्ये २३ लाखांवर लोकांनी भेट दिली.

सुरुवातीला सगळ्या देशभर बोर्ड लावत सुटू नका. तुरुंग, रणभूमी, हत्याकांडाची जागा, अशी चार-पाचच ठिकाणं निवडा, जिथे कागदपत्रं आणि साक्षी पक्क्या आहेत. मग ब्रोशर छापायच्या आधी ज्यांनी तिथे आपलं माणूस गमावलं त्यांच्याकडे जा. काय दाखवायचं, काय नाही, हे त्यांना विचारा आणि ते नको म्हणाले तर थांबा, मला तरी यात तडजोड पटत नाही. शक्य असेल तर सांगायचं कामही त्यांनाच द्या. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन आयलंडच्या जुन्या तुरुंगात पूर्वीचे राजकीय कैदीच लोकांना फिरवत आलेत, स्वतः भोगलेल्या माणसाला पाठांतर लागत नाही.

सजावटीवर पैसे घालवू नका, वस्तू जपा. हिरोशिमाच्या म्युझियममध्ये एक गंजलेली तीनचाकी सायकल आहे, तीन वर्षांच्या पोराची. बॉम्बनंतर तो गेला, वडिलांनी घराच्याच आवारात त्याच्यासोबत ती पुरली आणि ४० वर्षांनी उकरून काढून म्युझियमला दिली. तिच्यासमोर लाइट अँड साऊंड शो कशाला हवाय?

नियम बुकिंग करतानाच सांगा, गेटवर आल्यावर नाही. ऑशविट्झला प्रवेश फुकट आहे पण पास आधी काढावा लागतो, आणि १४ वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं ते स्वतःच सुचवतात. तरीही कैद्यांना छावणीत आणणाऱ्या रेल्वेच्या रुळांवर तोल सांभाळत फोटो काढणारे निघालेच, २०१९ मध्ये म्युझियमला सोशल मीडियावर विनवणी करावी लागली.

कमाई गाइड, मुक्काम आणि अभ्याससहलींतून येऊ द्या, त्यातला ठरलेला वाटा जागेच्या डागडुजीला बांधून ठेवा. ग्रुप लहान ठेवा. बीचच्या पॅकेजमध्ये दोन तासांचा स्टॉप म्हणून तर अजिबात विकू नका.

आणि बाहेर पडायच्या वाटेवर दुकानाआधी चार बाक आणि पिण्याचं पाणी ठेवा, बऱ्याच जणांना तिथे थोडा वेळ नुसतं बसायचं असतं.