वहाळाकाठी झाडं हवीत, तर बी आत्ता जमवा

वाडीत पाणलोटाच्या कामाची बोलणी सुरू होतात ती पाऊस लागल्यावर. मग जी रोपं मिळतील ती लावायची: आकेशिया, गुलमोहर, नाहीतर गिरिपुष्प. वहाळाची (ओढ्याची) दरड धरून ठेवणारी आपली झाडं त्यात क्वचितच असतात. त्यातल्या बऱ्याच झाडांचं बी मिरगाच्या आसपास पिकतं आणि महिनाभरही टिकत नाही. म्हणून गावाची रोपवाटिका मे महिन्यातच सुरू करायला हवी. या रोपांची लागवड पुढच्या वर्षीच्या पावसात होईल, घाई करू नका.

घरोघर रातांबे (कोकमाची फळं) फोडायचं काम चालू आहे. मुठेलासाठी (कोकमाच्या तेलासाठी) बिया उन्हात घालण्याआधी त्यातल्या टपोऱ्या बिया बाजूला काढा, राखेत चोळून गर धुवा, एखाद-दोन दिवस सावलीत सुकवा आणि आठवड्याभरात पिशवीत पेरा. कडक उन्हात वाळलेली बी रुजत नाही. रोप सावकाश वाढतं, त्याला पहिलं वर्ष सावलीच बरी. जांभळाचंही तसंच: फळ खाल्लं की बी पेरायची. एका बीतून दोन-तीन कोंब आले तर जोमदार तेवढा ठेवा.

करंजाइतकं भरवशाचं झाड वहाळाकाठी दुसरं नाही. शेंगा झाडाखाली पडलेल्या असतात; बी रात्रभर भिजवून पेरली की पंधरवड्यात उगवते. उंडीचं कवच मात्र जपून फोडून आतली बी पेरा, नाहीतर वाट बघत बसाल. पाण्याच्या अगदी धारेत, दगडगोट्यांत, शेरणी (वहाळातलं झुडूप) हवी. तिची मुळं गोट्यांना घट्ट धरतात आणि पुरात फांद्या वाकतात, मोडत नाहीत.

बी आपल्याच वहाळाचं घ्या, पण एकाच झाडाचं नको. निदान आठ-दहा झाडांखालचं एकत्र करा. देवराईतलं घ्यायचं असेल तर गावकऱ्यांना विचारून, आणि पाखरांना पुरेल इतकं मागे ठेवून.

पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. आपल्याकडे कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, तेव्हा पिशवीला भोकं भरपूर पाडा आणि वाफा उंचवट्यावर ठेवा. दर दोन महिन्यांनी पिशव्यांची जागा बदला, म्हणजे मुळं जमिनीत उतरणार नाहीत. लावताना तळाशी गुंडाळलेली मुळं दिसली तर छाटून टाका.

उतारावर ऐन-किंजळ हवेत, पण त्यांची पंखी फळं बरीचशी पोकळ निघतात. त्यापेक्षा राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला), जळणासाठी तोडलेल्या खुंटांकडे बघा. फुटव्यांतले दोन सरळ ठेवून बाकीचे कापा आणि तिथली तोड थांबवा. खालची मुळं जुनी, खोल गेलेली असतात, त्यामुळे हे फुटवे नव्या रोपाला दोन-तीन पावसांत मागे टाकतात. इतका स्वस्त उपाय सोडून खड्डे मारत बसण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

कातळ सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) तर खड्डे मारूच नका. तिथलं गवत आणि पावसाळी फुलझाडं हीच तिथली झाडोऱ्याची तऱ्हा आहे. पाणी जांभ्याच्या भेगांतून झिरपतं, ते झिरपू द्या.

पुढच्या जूनमध्ये चांगला पाऊस होऊन माती ओली झाली की दीड फुटाचा खड्डा घेऊन लावा. उतारावर खालच्या बाजूला मातीचा अर्धचंद्र बांध घाला, बुंध्याभोवती पातेरा (वाळका पाला) पसरा. भातकापणीनंतर गुरं मोकाट सुटतात, तेव्हा गडगा (दगडी कुंपण) नसेल तिथे काट्याची वई आधीच घालून ठेवा. गवत वाळलं की लागवडीभोवती सहा-सात फुटांचा पट्टा बेणून साफ करा; वणवा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, आणि पट्टा नसेल तर एका दुपारीत सगळी लागवड जाते.